धनुबाईंच्या पंगतीत

९ जून १९५८, खांडबारा

आज येथे स्टेशनमास्तर म्हणून हजर झालो. स्टेशन लहान, पण साइडिंगला लाकडाच्या वाघिणी भरत असल्यामुळे काम बरेच आहे. क्वार्टर दोन खोल्यांचे. ट्रंक आणि वळकटी बाहेरच्या खोलीत ठेवली. भांड्यांची मोठी पेटी आतल्या खोलीत सरकवून दिली. ती उघडण्याचे कारण नाही, मी एकटा माणूस.

नंदुरबारसारखे गाव सोडून स्वतः होऊन इकडे बदली का मागितली, असे पॉइंट्समन दोधूने विचारले. हवा चांगली आहे, असे सांगितले. नंदुरबार इथून पॅसेंजरने तासाभराच्या अंतरावर. रंजना तिथे तिच्या मामाकडे आहे. तिला तिथे शाळा आहे, मामी आहे. नऊ वर्षांच्या मुलीला आणखी काय हवे? ती मजेत राहील.

रात्री दोधूने रुळांपलीकडच्या एका खानावळीत नेले. पाटी नाही, नाव नाही. पत्र्याचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन आणि भिंतीलगत पाटांची एकच लांब रांग. चालवणारी बाई धनुबाई, मूळची शहाद्याकडच्या कळसाडीची गुजर, विधवा. उडदाची डाळ, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी. डाळ फार चांगली होती. अर्धी भाकरी राहिली. बाईंनी पानाकडे पाहिले आणि विचारले, "मास्तर, डाय खारी व्हई गयी का?"

नाही म्हणालो.

१४ जून

चार-पाच दिवस तिथेच जेवतो आहे. दुसरी सोय नाही म्हणून जातो असे वाटत होते, पण आता खरे लिहायला हरकत नाही: दुसरी सोय असती तरी तिथेच गेलो असतो. धनुबाईंची भाकरी तव्यावरून थेट पानात येते. आधी करून ठेवलेली भाकरी ती कोणाला देत नाही, मग तो जंगल खात्याचा साहेब असो की हमाल. डाळ लाकडी रवीने घोटते, इतकी की उडदाचा दाणा हाताला लागत नाही, आणि वरून कडकडीत फोडणी ओतते तेव्हा सगळी रांग माना वर करते.

बाई दिसायला काटक, आवाज जाड. बोलणे थोडे. कोणाला काय वाढायचे हे तिला विचारावे लागत नाही. दोधूला तिखट, पोटाचे दुखणे असलेल्या टपालवाल्याला नुसती मुगाची खिचडी. मला पहिल्या दिवशी दोन भाकऱ्या वाढल्या होत्या. आता एक वाढते, आणि ती संपत आली की अर्धी आणून ठेवते. त्यामुळे पानात काही राहत नाही. हे तिने मुद्दाम केले की भाकऱ्याच कमी पडतात, कळत नाही.

२१ जून

बाजाराचा दिवस. खानावळीत दाटी. डोंगराकडच्या पाड्यावरचा वाहरू नावाचा माणूस धनुबाईंकडे जळणाची लाकडे आणतो आणि लाकडे टाकली की पंगतीत बसून जेवतो. लंगोटी, खांद्यावर कुऱ्हाड, बोलणे जवळजवळ नाहीच. त्याच्या शेजारचा पाट रिकामा होता. सुरतेच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याचा माणूस आला आणि तिथे बसायला तयार होईना. मला दुसरीकडे जागा करून द्या, असे म्हणू लागला.

धनुबाई चुलीपाशी होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "मन्हा घर आज इतलीच जागा शे. बसनं व्हई ते बसा."

तो उभाच राहिला. त्या भाकऱ्या थापत राहिल्या. रागावल्या नाहीत. पंगतही जेवत राहिली. शेवटी फोडणीचा वास आला आणि तो माणूस बसला. तीन भाकऱ्या खाल्ल्या त्याने. वाहरूने मध्येच आपल्या पानाजवळची चटणीची वाटी त्याच्याकडे सरकवली.

मी स्टेशनात आलो तरी मनातून हसत होतो. बऱ्याच दिवसांनी.

२७ जून

लोटन भेटला. रंजनाचा मामा. पॅसेंजरवर गार्ड असल्यामुळे आठवड्यातून दोनदा इथून जातो. गाडी उभी असते तेवढ्यात बोलणे होते. रंजना जेवणाचे थोडे नखरे करते म्हणाला. मामीने किती केले तरी दोन घास खाऊन उठते. मुले अशीच असतात. लोटनने विचारले, केव्हा येता. ड्यूटीमुळे जमत नाही, असे सांगितले. दोधू म्हणाला की रविवारी दुसरे मास्तर बदली ड्यूटी करायला तयार आहेत. पण रविवारी सिग्नलचे दिवे तपासायचे आहेत.

६ जुलै

आज फुनके आणि कढी. तुरीच्या डाळीचे वाफवलेले मऊ मुटके, त्यावर गरम कढी आणि कच्च्या तेलाची धार. अशी कढी मी आजवर खाल्ली नव्हती.

हे खरे नाही. खाल्ली होती. पुढे लिहीत नाही.

जेवून उठताना धनुबाईंनी विचारले, घरी कोण कोण आहे. एक मुलगी आहे, म्हणालो. तिला काय आवडते, असे विचारले. मग आठवून म्हणालो, कढी आवडते. गोड नको असते. भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खाते. एवढे सांगून बाहेर आलो. चिखल फार झाला आहे.

१९ जुलै

लोटनला धनुबाईंच्या हातची चव लागलेली दिसते. त्याची गाडी नंदुरबारकडे जाताना इथे थांबली की इंजिन पाणी घेते त्या वेळात तो रूळ ओलांडून पळत जातो आणि फडक्यात बांधलेला पितळी डबा घेऊन येतो. मी थट्टा केली की घरी बायको इतका उत्तम स्वयंपाक करते, तरी तुला खानावळीचा डबा लागतो. तो हसला, शिट्टी फुंकली आणि गार्डच्या डब्यात चढला.

धनुबाईंना गप्पांची आवड नाही असे मी समजत होतो, ते चूक होते. हल्ली रोज काही ना काही विचारतात. रंजनाला लसूण चालतो का? दूध पिते का? पोरगी शाळेतून केव्हा येते? बाईंना मूलबाळ नाही, म्हणून चौकशी करत असतील. मला माहीत असते तेवढे सांगतो. कधी कधी सांगायला लागलो की बरेच सांगून होते.

पट्टा एक भोक सैल करावा लागला.

८ ऑगस्ट

लोटनने सांगितले की रंजनाची तब्येत सुधारली. अंगात रक्त दिसते, शाळेत खेळते. नंदुरबारचे पाणी तिला मानवले. तिला तिथे ठेवले ते योग्यच झाले. लोटन मात्र इतके डबे खाऊनही होता तसाच काटकुळा आहे. त्याला म्हणालो, डॉक्टरला दाखव.

आज शेवभाजी. तिच्या तिखटाने डोळ्यांत पाणी आले. शेजारी एक ट्रकवाला होता, तोही नाक पुसत होता. आम्ही दोघांनी आणखी मागितली.

२४ ऑगस्ट

आज कानबाई देवीच्या सणाचा रविवार. खानावळ बंद असेल म्हणून मी फुटाणे घेऊन ठेवले होते. दुपारी धनुबाईंनी वाहरूच्या बायकोच्या, फुलीबाईच्या हाती निरोप पाठवला की मास्तरांनी यावे. गेलो. कोपऱ्यात कानबाई मांडली होती, ओला नारळ, हळदकुंकू, फुले. पाट एकच होता. मला बसवून पुरणाचे रोट वाढले.

मी थबकलो. आमच्याकडे कानबाईचे रोट घरच्याच माणसांनी खायचे असतात, उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. तसे म्हणालो. धनुबाई म्हणाल्या, "माले ठाऊक शे. खावा."

बाईंना बहुधा आमच्या बाजूचे नेम नीट माहीत नसावेत. किंवा एवढे रोट एकटीने संपणार नाहीत म्हणून बोलावले असेल. काही असो, रोट अप्रतिम होते. आणखी दोन रोट केळीच्या पानात गुंडाळून डब्यात घातले. तो डबा उद्या लोटनला जायचा आहे.

१५ सप्टेंबर

काल लिहायला वेळ मिळाला नाही. सगळे क्रमाने लिहितो.

शनिवारपासून पाऊस थांबला नव्हता. काल सकाळी सुरतेकडून आलेली पॅसेंजर इथे लागली आणि लागलीच कंट्रोलचा फोन आला की पुढे नंदुरबारच्या बाजूला भराव खचला आहे, गाडी सोडू नका. थोड्याच वेळात मागच्या पुलावरही पाणी चढले. गाडी अडकली. डबे खच्चून भरलेले. लेकुरवाळ्या बाया, मजुरीला निघालेली माणसे, म्हातारी, व्यापारी. गार्ड लोटनच होता. दुपारपर्यंत बरोबरच्या शिदोऱ्या संपल्या आणि मुले रडू लागली. स्टेशनात चहाच्या टपरीशिवाय काही नाही.

मी कंट्रोलला फोन करत होतो तेव्हा धनुबाई पदर डोक्यावर घेऊन, गुडघाभर चिखलातून फलाटावर आल्या. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडी चालत पाहिली. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या की खानावळीत एवढी माणसे आणता यायची नाहीत, चुली इथेच फलाटावर मांडू. मी म्हणालो, फलाटावर विस्तव पेटवायला परवानगी नाही, शेजारी मालाची शेड आहे. त्यांनी विचारले, परवानगी कोणाची लागते. मी म्हणालो, इथे माझीच.

"मंग द्या," त्या म्हणाल्या.

दिली. पत्र्याखाली, शेडपासून दूर, रुळाचे जुने तुकडे आणि दगड रचून चुली झाल्या. प्रश्न धान्याचा होता. खानावळीतले तांदूळ-डाळ एका डब्यालाही पुरले नसते. धनुबाईंनी वाहरूला काहीतरी सांगितले आणि तो भर पावसात डोंगराच्या वाटेने गेला. तो आता कसला येतो, असे मला वाटले. चार वाजण्याच्या सुमारास रुळांवरून माणसांची रांग येताना दिसली. पुढे वाहरू, मागे फुलीबाई, त्यांच्या मागे पाड्यावरच्या बाया-माणसे. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांवर सागाची पाने झाकलेली. आत तांदूळ, तूर, उडीद. ज्यांच्याकडे होते त्यांनी पायलीभर आणले, ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी पत्रावळींसाठी पाने तोडून आणली. गावातूनही मग लोक येऊ लागले. तो सुरतेचा लाकडाचा माणूस गूळ घेऊन आला.

भांडी कमी पडली. धनुबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी क्वार्टरवर गेलो, आतल्या खोलीतली पेटी उघडली. दोन मोठी पातेली, कढई, परात, झारे. सगळे घासून, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेले. रंजनाच्या आईनेच ठेवलेले. थोडा वेळ तिथे बसलो. मग दोधूला हाक मारली आणि आम्ही भांडी उचलून आणली. धनुबाईंनी पातेल्याचा काठ पदराने पुसला. काही विचारले नाही.

खिचडी. दुसरे काही नाही, नुसती डाळ-तांदळाची खिचडी, लसणाची फोडणी घातलेली. पण एवढी मोठी पंगत मी जन्मात पाहिली नव्हती. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसे मांडी घालून बसली. धनुबाईंचा नियम तोच होता, जो येईल तो पुढच्या जागेवर. पहिल्या वर्गातले एक गृहस्थ मजुरांच्या मध्ये बसले आणि दुसऱ्यांदा मागून घेतले. मी रेल्वेत एवढी वर्षे काढली, पण वाढण्याची बादली हातात कधी धरली नव्हती. काल धरली.

एके ठिकाणी एक मुलगी खात नव्हती. आई तिला समजावत होती. मी खाली वाकलो, आणि लोटन शेजारच्या बादलीने वाढत होता, तो म्हणाला, "आपली रंजना बी आशीच करे."

मी म्हणालो, आता खाते ना. नंदुरबारचे पाणी मानवले.

लोटनने बादली खाली ठेवली. "दाजी, पानी काय मानवनार? तो डबा मन्हाकरता नही. पहिला दिनपाईन तो रंजनाले जास. मामीना हातनं खाये नही, डबा उघडा का पोटभर खास. तुम्ही येत नहीत म्हणीसन डबा जास."

पंगत वाट पाहत होती. मी पुढे वाढत गेलो. पुढच्या माणसाला किती वाढले, मला सांगता येणार नाही. त्याने हात आडवा केला तेव्हा थांबलो.

आज दुपारी भराव दुरुस्त झाला आणि गाडी सुटली. डब्यांतून लोक हात हलवत होते. ते माझ्याकडे पाहून नव्हते. फलाटाच्या टोकाला धनुबाई राखेवर पाणी ओतत होत्या, आणि त्यांनी वर पाहिलेच नाही.

१७ सप्टेंबर

आज सगळे उठून गेल्यावर धनुबाईंशी बोलायचे म्हणून थांबलो. एवढेच विचारले की मला सांगितले का नाही.

त्या म्हणाल्या, "पोर भुकेली शे, इतलं दोधूकडथीन कळनं. डबा धाडनं मन्हा हातमां व्हतं, ते करं. जानं तुमना हातमां शे."

मी मान हलवली. त्यांनी चुलीतले लाकूड मागे ओढले आणि विझवले.

२१ सप्टेंबर, नंदुरबार

सकाळच्या गाडीने आलो. सिग्नलचे दिवे दुसऱ्या मास्तरांनी पाहिले.

रंजना दारात उभी होती. उंच झाली आहे. कपाळ, भुवया, मान किंचित कलती ठेवून पाहण्याची तऱ्हा, सगळे थेट तिच्या आईसारखे, सरलासारखे. सरला. ती गेल्यावर हे नाव या वहीत आज प्रथम लिहिले. हे तोंड पाहावे लागेल म्हणूनच मी तासाभराच्या गाडीत बसत नव्हतो, आणि आता पाहिल्यावर नजर काढवत नव्हती.

ती जवळ आली नाही. "तुम्ही परत कधी जाणार?" असे विचारले. संध्याकाळी, म्हणालो. तिने मान खाली घातली. मग मी म्हणालो, तू पण चल. ती आत गेली. मला वाटले, रुसली. थोड्या वेळाने दप्तर, दोन परकर आणि पाटी घेऊन बाहेर आली. मामी रडली. लोटनने बोचके उचलले.

२८ सप्टेंबर, खांडबारा

रंजनाचे नाव इथल्या शाळेत घातले. पंगतीत ती वाहरूशेजारी बसते. तो तिला जंगलातल्या पाखरांची नावे सांगतो, त्याच्या बोलीत. ती ती पाठ करते. वाहरू इतके बोलू शकतो हे खानावळीत कोणालाच माहीत नव्हते. धनुबाई तिला फार जवळ घेत नाहीत, लाड करत नाहीत. पानात काय हवे ते ओळखतात, एवढेच. पहिल्या दिवशी रंजनाने पहिला घास खाल्ला आणि त्यांच्याकडे नुसते पाहत राहिली. त्याही पाहत राहिल्या. भाकरी तव्यावर थोडी करपली. धनुबाईंची भाकरी करपलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

रात्री रंजना झोपेत हात माझ्या सदऱ्यावर ठेवते. मी हलत नाही.

५ ऑक्टोबर

खानावळीतून परत येताना रूळ ओलांडत होतो, तेव्हा रंजनाने विचारले, "बाबा, त्या बाई कधी जेवतात?"

मला माहीत नव्हते. इतके महिने दोन्ही वेळ त्यांच्याकडे जेवतो. दोधूला विचारले, तो कितीतरी वर्षे जेवतो आहे. त्यालाही माहीत नव्हते. वाहरूने फक्त खांदे उडवले. फुलीबाईला विचारले तर ती म्हणाली की सगळे गेले की चुलीपुढे उभ्याउभ्याच काही उरले तर खातात.

रंजना म्हणाली, त्यांना आपल्याकडे बोलवू.

१२ ऑक्टोबर

आज दुपारची पंगत उठल्यावर धनुबाई आमच्याकडे जेवायला आल्या. बोलावले तेव्हा आधी नाही म्हणाल्या, मग कामे सांगितली, मग रंजनाने हात धरला तेव्हा तयार झाल्या.

सकाळपासून आम्ही दोघे चुलीपुढे होतो. रंजना मामीकडे थोड्या भाकऱ्या थापायला शिकली आहे. एक गोल झाली, बाकीच्या कशाही. मी उडदाची डाळ केली. घोटायला लागलो तेव्हा कळले की त्यात किती बळ लागते. तरी दाणे राहिलेच. फोडणी जरा जळली.

धुतलेले लुगडे नेसून त्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या त्या थेट चुलीकडे. रंजनाने त्यांना मागे वळवून पाटावर बसवले. त्यांना तिथे बसवेना. पदर सारखा करत, पाटावरून उठू उठू करत. आम्ही वाढू लागलो तेव्हा हात मांडीवर ठेवून पानाकडे पाहत बसल्या. रंजनाने भाकरी वाढली, गोल झालेली. मी डाळ वाढली. बाहेर मालगाडी शंटिंग करत होती, तिचे धक्के ऐकू येत होते.

त्यांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. मला वाटले, जळकी फोडणी लागली. मग म्हणाल्या की कळसाडीहून इथे आल्यापासून त्यांना कोणी पान मांडून वाढले नव्हते. त्यात तक्रार नव्हती. गाडी उशिरा आहे असे सांगावे तसे सांगितले. नंतर सावकाश जेवल्या, मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि मीठ मागून घेतले. रंजना शेजारी उकिडवी बसून त्यांच्या पानावर लक्ष ठेवत होती. भाकरी संपत आली की लगेच दुसरी.

"आंडेर, आजून जराशी डाय वाढ," धनुबाई म्हणाल्या. आंडेर, म्हणजे लेक.

रंजनाने माझ्याकडे पाहिले. पातेल्यात थोडीच राहिली होती आणि आम्ही जेवायचे होतो. तिने पातेले तिरके करून सगळी डाळ खरवडून त्यांच्या पानात घातली.

त्या गेल्यावर आम्ही दोघांनी उरलेल्या वाकड्यातिकड्या भाकऱ्या कांद्याबरोबर खाल्ल्या. पोट भरले. भांडी घासताना रंजना म्हणाली, उद्या डाळ जास्त घालू.